जखमी योद्ध्याची तिसरी गती

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनापुढे युद्धाचे दोन शेवट ठेवतो. मारला गेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचे राज्य. दोन्हीकडून लाभच असल्यामुळे हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र त्यात एक तिसरी शक्यता येत नाही. योद्धा मरत नाही, आणि त्याच्यापुरता जिंकण्या-हरण्याला फारसा अर्थही उरत नाही. पाय, दृष्टी किंवा पाठीच्या कण्यातले बळ गमावून तो घरी येतो आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतो. ही शक्यता गीतेत नाही याबद्दल गीतेला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी पाय तुटलेला सैनिक रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून थोड्याच दिवसांत मरत असे. तिसरी गती ही मुख्यतः आधुनिक शस्त्रक्रियेची आणि प्रतिजैविकांची देणगी आहे. त्या गतीला आलेल्या माणसाचे कर्तव्य काय, त्याचा पराक्रम आता कशात आणि समाजाचे त्याच्याशी नाते कोणते, हे प्रश्न जुन्या युद्धधर्माने अनुत्तरित ठेवले. जखमी सैनिकांसाठी गेल्या सुमारे आठ दशकांत उभी राहिलेली क्रीडाव्यवस्था हे त्यांना दिलेले एक व्यावहारिक उत्तर आहे. ते तत्त्वतः कितपत टिकते, याचा हा विचार.

महाराष्ट्राच्या गावोगावी वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. त्यांची रचना बहुतेक ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मरण पावलेल्या शिपायाची स्मृती जपणारी ही परंपरा मोठी आहे, पण ती फक्त मेलेल्याचीच आहे. लंगडत परत आलेल्याचा वीरगळ कोणी कोरत नाही. महाभारतात जखमी होऊन जिवंत राहिलेले योद्धे आहेत, परंतु त्यांचे चित्र दिलासा देणारे नाही. भीष्म शरपंजरी पडून युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. त्यांचा मान अबाधित आहे, तरी ते उत्तरायणाची, म्हणजे मरणाचीच वाट पाहत आहेत. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन युगानुयुगे भटकतो, आणि लोकश्रद्धेनुसार नर्मदेच्या खोऱ्यात आजही जखमेवर घालायला तेल मागत फिरतो. त्याची ती स्थिती पापाचे फळ म्हणून आली आहे हे खरे. तरीही जखमेसह जगत राहणे ही शिक्षा आहे, अशी समजूत त्या कथेच्या पोटात आहेच, आणि ती पुराणकथेपुरती राहिलेली नाही.

या समजुतीला पहिला पद्धतशीर छेद दिला तो एका डॉक्टरने, आणि तोही धर्मचिंतनातून नव्हे. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू मज्जाशल्यविशारद नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार युरोपातल्या चढाईची तयारी करत होते आणि त्या चढाईत कण्याला इजा होणाऱ्या सैनिकांची संख्या वाढणार हे उघड होते. त्यासाठी लंडनच्या वायव्येला स्टोक मॅन्डव्हिल येथील रुग्णालयात एक विभाग काढून १९४४ च्या फेब्रुवारीत तो गुटमन यांच्याकडे सोपवण्यात आला. तोवर कण्याची इजा म्हणजे मरणाची लांबवलेली तारीख होती. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी बहुतेक रुग्ण दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला आणि मरण मागे हटले. पण मरण हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो वैद्यकीय नसतो: आता जगायचे कशासाठी? खाटेवर पडून पेन्शन खाणारा माणूस गुटमन यांना नको होता. आपला रुग्ण कर भरणारा नागरिक झाला पाहिजे, असे ते म्हणत. हे उद्दिष्ट रुक्ष वाटते. तरी दयेच्या तुलनेत त्यात अधिक आदर आहे, कारण कर मागायचा तर समोरचा माणूस बरोबरीचा मानावा लागतो.

खेळ तिथे आधी उपचार म्हणून आला. चाकांच्या खुर्चीत बसून काठ्यांनी खेळायचा पोलो सुरू झाला. तो फार धसमुसळा ठरल्यामुळे मागे पडला आणि नेटबॉल, बास्केटबॉल व तिरंदाजी पुढे आली. धनुष्य ओढताना दंड, खांदे आणि पाठ यांना बळ मिळते, आणि कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला ताठ बसायचे तर हेच स्नायू कामी येतात. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी आजी-माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक सामील झाले, १९६० मध्ये रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले, आणि पुढे ही चळवळ सैनिकांपुरती न राहता पॅरालिंपिक झाली. आज पॅरालिंपिकमध्ये उतरणारे बहुसंख्य खेळाडू कधी सैन्यात नव्हते. युद्धाच्या जखमेतून निघालेली व्यवस्था पोलिओ झालेल्या, जन्मतः अपंग असलेल्या आणि अपघातग्रस्त माणसांच्या कामी आली. युद्धाच्या बाजूने सांगता येण्याजोग्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक, आणि तीही युद्धाने मुद्दाम केलेली नव्हे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तो पुण्यातून जातो. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे खडकीला हलले. कृत्रिम अवयव बसवणारे लष्कराचे केंद्र पुण्यात १९४४ मध्ये, म्हणजे गुटमन यांचा विभाग उघडला त्याच वर्षी, सुरू झाले. कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या जवानांसाठी खडकीलाच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. २०१७ मध्ये खडकीच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात आर्मी पॅरालिंपिक नोड उभा राहिला. पुणे-खडकीच्या परिसरात हातपाय बसवणे, आयुष्यभर सांभाळणे आणि मैदानात उतरवणे अशी तिन्ही कामे चालतात.

या धाग्यातले सर्वांत ठळक नाव मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्याच्या ईएमई या अभियांत्रिकी शाखेत जवान आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्याजवळ रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. दुसरे उदाहरण अलीकडचे. आसाम रेजिमेंटचे नागालँडमधील जवान होकाटो होटोझे सेमा यांचा डावा पाय २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमधील चौकीबळ भागात सुरुंगाच्या स्फोटात गेला. पुढे पुण्यात त्यांना गोळाफेकीकडे वळवण्यात आले तेव्हा त्यांचे वय ३२ होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी एफ ५७ गटात १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक घेतले. स्फोट आणि गोळाफेकीची सुरुवात यांच्यात चौदा वर्षे गेली. पदकाच्या बातम्यांत ही चौदा वर्षे एका वाक्यात उरकली जातात. तत्त्वविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ मात्र तोच, कारण खेळ नसतानाचे जगणे त्या काळात आहे.

शरीर आणि आत्मा यांचे नाते हा इथला पहिला तात्त्विक प्रश्न. भारतीय परंपरेचे ठरलेले सांत्वन असे: तू देह नाहीस; देह हे क्षेत्र आहे, तू क्षेत्राचा जाणता आहेस; वस्त्र जुने झाले, फाटले, म्हणून नेसणाऱ्याचे काही बिघडत नाही. गीतेचा तेरावा अध्याय आणि त्यावरचे ज्ञानेश्वरांचे विस्तृत विवेचन हा विचार सूक्ष्मपणे मांडतात. शांकर वेदान्तात तर देहालाच ‘मी’ समजणे हा मूळ भ्रम. पाय गमावलेल्या सैनिकाला या विचाराचा आधार मिळतो, हे नाकारता येणार नाही. अनेकांना तो मिळालाही असेल. पण त्याची एक अडचण आहे. सैनिकाचे सगळे शिक्षणच देहाचे असते. कवायत, नेम, चढाई, जागरण यांतून त्याचा ‘मी’ घडलेला असतो. त्याला ‘तू देह नाहीस’ असे सांगणे म्हणजे ज्या गोष्टीने त्याला तो बनवले तिच्याकडे पाठ फिरवायला सांगणे. आणि जलतरण तलावाच्या काठावर हे सांत्वन अगदीच अपुरे पडते. तिथे पोहायचे ते देहानेच, आणि राहिलेल्या देहाने.

ग्रीक-रोमन जगात स्टोइक एपिक्टीटस याने जवळपास तीच भूमिका घेतली. तो पूर्वी गुलाम होता आणि पायाने अधू होता. लंगडेपण पायाच्या आड येते, संकल्पाच्या आड येत नाही, असा त्याच्या शिकवणीचा आशय. व्हिएतनाममध्ये कैदेत पडलेला अमेरिकन वैमानिक जेम्स स्टॉकडेल याने पुढे सांगितले की तुरुंगातल्या वर्षांत एपिक्टीटसनेच त्याला तगवले. तगण्यासाठी हा विचार उत्तमच. खेळण्यासाठी मात्र संकल्प पायापासून वेगळा ठेवून भागत नाही. तो खांद्यात, मनगटात, श्वासात उतरावा लागतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती याने १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ परसेप्शन’ या ग्रंथात हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. त्याच्या विवेचनाच्या मध्यभागी एक जखमी सैनिकच आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला तोफगोळ्याची कपची लागलेला, वैद्यकीय साहित्यात श्नायडर या नावाने ओळखला जाणारा जर्मन. डास चावला तर त्याचा हात क्षणात त्या जागी जाई, पण ‘नाकाकडे बोट दाखव’ म्हटले की तो गोंधळे. ओळखीची कामे तो करी, नुसती कल्पना म्हणून सांगितलेली हालचाल त्याला जमत नसे. मेर्लो-पाँतीने काढलेला निष्कर्ष असा की शरीर ही आपल्या मालकीची एक वस्तू नव्हे आणि आत्म्याने वापरायचे हत्यारही नव्हे. जगाकडे जाण्याची आपली वाटच शरीर आहे. तुटलेला पाय अजून असल्यासारखा जाणवतो, त्याचे कारणही हेच. पाय गेला तरी पायाने ज्या जगात वावर होता ते जग अजून हाका मारीत असते. आंधळ्याच्या हातातली काठी सरावाने वस्तू राहत नाही, स्पर्शाचा भाग होते. कृत्रिम पायाचेही तसेच, पण ते आपोआप होत नाही. चालण्याने, पडण्याने, पुन्हा चालण्याने होते.

अपंगांच्या खेळाचा खरा अर्थ इथे सापडतो. खेळ शरीरावर विजय मिळवायला शिकवीत नाही. तो शरीराची जगाशी नव्याने सोयरीक जुळवतो. एफ ५७ गटाचा गोळाफेकपटू जमिनीत पक्क्या बसवलेल्या आसनावरून फेक करतो, आणि फेकताना आसनावरून उठायचे नाही असा नियम आहे. कृत्रिम पायावर रोज चालणारा माणूसही तिथे बसूनच गोळा फेकतो. उभ्याने फेकणाऱ्याला पायातून मिळणारा जोर त्याला धड वळवून, मोकळ्या हाताने आधार धरून, खांद्यातून काढावा लागतो. ही उभ्याच्या फेकीची गरीब नक्कल नाही; हे वेगळे तंत्र आहे, त्याची वेगळी चूक आणि वेगळी अचूकता आहे. ज्या क्षणी खेळाडूचे लक्ष ‘काय गेले’ यावरून उठून ‘कोपर किती लवकर उघडले’ यावर जाते, त्या क्षणी देहाशी त्याचे नाते पुन्हा कर्त्याचे होते. वेदान्ताच्या सांत्वनाला जे साधत नाही ते इथे साधते. मात्र वेदान्त जे देऊ पाहतो ते, म्हणजे मरणाच्या भयातून सुटका, खेळ देत नाही. दोघांची कामे निराळी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

दुसरा प्रश्न कर्म आणि फळ यांचा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मध्यवर्ती सिद्धान्त असा की ज्ञानी माणसालाही कर्म सुटत नाही आणि सोडू नये; सोडायची ती फलाशा. जखमी सैनिकाच्या बाबतीत या सिद्धान्ताला वेगळीच धार येते. ज्या कर्मासाठी तो तयार झाला ते मेडिकल बोर्डाच्या एका कागदाने संपते. तो ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो किंवा ‘बोर्ड आउट’ होऊन सेवेतून मोकळा होतो. संन्यास त्याने घेतलेला नसतो, त्याच्यावर लादलेला असतो. अशा माणसाला पुन्हा कर्माची जागा देणे हे टिळकांच्या अर्थाने पुण्यकर्मच म्हणावे लागेल. पण ती जागा खेळाची असावी का? खेळ म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धा म्हणजे उघडउघड फळाची आस.

अमेरिकेत जन्मलेल्या आणि कॅनडात शिकवलेल्या बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या पुस्तकात केलेली खेळाची व्याख्या इथे उपयोगी पडते. खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न. गोळा १४ मीटर दूर न्यायचा असेल तर तो उचलून चालत नेणे सोपे. खेळाडू तो सोपा मार्ग जाणूनबुजून सोडतो, कारण त्या मार्गाने गोळा पोचला तर त्या पोचण्याला किंमत नाही. म्हणजे खेळातले फळ कर्मापासून तोडताच निरर्थक होते. गीतेतल्या निष्काम कर्माशी याचे साम्य आहे, पण ते अर्धेच. निष्काम कर्मयोग्याने फळाविषयी उदासीन असावे, तर खेळाडूने खेळ चालू असेपर्यंत फळ जीव ओतून हवेसे करायचे असते, आणि शिट्टी वाजल्यावर ते हवेपण खाली ठेवता आले पाहिजे. ही दुहेरी कसरत बहुतेक धर्मग्रंथांच्या हिशेबात बसत नाही. मल्लविद्येच्या आखाड्यांना आणि विठोबाच्या वारीत वाटेवर खेळल्या जाणाऱ्या हुतूतू-फुगड्यांना ती ठाऊक आहे.

सूट्सची व्याख्या जखमी सैनिकाला लावली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अपंगत्व हा न मागता आलेला अडथळा, आणि तो रोजच्या जगण्यात टाळता न येणारा. खेळ हा मागून घेतलेला अडथळा. खुर्चीतल्या माणसाला दिवसभर नको असलेले अडथळे पुरेसे असतात: उंबरठे, जिने, बसची पायरी, संडासाचे अरुंद दार. त्यात तो आणखी एक अडथळा आपणहून पत्करतो तेव्हा अडथळ्याशी त्याचे नातेच बदलते. आता निदान एका चौकोनात, तासाभरासाठी, अडचण कोणती असावी हे तो ठरवतो. स्वातंत्र्याची ही व्याख्या लहान आहे, पण भक्कम आहे. अर्थात ती उंबरठे आणि जिने ठेवणाऱ्यांना माफी देत नाही.

न्यायाचा प्रश्न वर्गीकरणातून येतो. समानांना समान वागणूक हे ॲरिस्टॉटलचे सूत्र अपंगांच्या खेळात अक्षरशः मोजपट्टी घेऊन अमलात आणावे लागते, कारण दोन जखमा कधीच सारख्या नसतात. सुरुवातीला वर्गीकरण वैद्यकीय निदानावर चाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शरीर त्या खेळात काय करू शकते यावर ते होऊ लागले. सैनिकाची अशी मोजदाद दोनदा होते. पेन्शनसाठी मेडिकल बोर्ड अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि खेळासाठी वर्गीकरण मंडळ गट ठरवते. दोन्ही ठिकाणी माणसाला एक विचित्र मोह पडू शकतो: आपण जितके आहोत त्यापेक्षा जास्त अपंग ठरावे. बळ मिळवण्यासाठी केलेल्या उद्योगात दुर्बल ठरणे फायद्याचे व्हावे, हा या व्यवस्थेतला अंगभूत विरोधाभास आहे आणि तो कोणत्याही नियमाने पूर्ण सुटणारा नाही. प्रामाणिक माणसालाही त्याची झळ बसते. सीमा सुरक्षा दलाचे विनोद कुमार लेहमध्ये प्रशिक्षणादरम्यान कड्यावरून पडून जखमी झाले होते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये थाळीफेकीच्या एफ ५२ गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत त्यांना त्याच गटात बसवले गेले होते, तरी स्पर्धेनंतरच्या फेरविचारात ते त्या गटात बसत नाहीत असे ठरले आणि निकाल रद्द झाला. नियमाच्या बाजूने पाहता निर्णय योग्य असेलही. पण देहाची जखम खरी, तपासणी झालेली, आणि तरी पदक अपात्र, ही स्थिती दाखवते की खेळातला न्याय दुःखाची भरपाई करत नसतो. तो फक्त त्या चौकोनापुरता तुलना शक्य करतो. त्याच्याकडून जास्त मागणे चूक.

‘अजिंक्य’पणाची भाषा हा यापुढचा आणि अधिक अवघड विषय. अमेरिकेत २०१० पासून जखमी सैनिकांसाठी वॉरियर गेम्स होतात. ते पाहून ब्रिटनचे प्रिन्स हॅरी यांनी २०१४ मध्ये लंडनला इन्व्हिक्टस गेम्स सुरू केले. पहिल्या स्पर्धेत १३ देशांचे ४०० हून अधिक सैनिक होते. पुढे ऑर्लँडो, टोरँटो, सिडनी, द हेग, ड्युसेलडॉर्फ, व्हँकुव्हर अशी ती फिरत गेली. ‘अजिंक्य’ अशा अर्थाचे हे लॅटिन नाव डब्ल्यू. ई. हेन्ली याच्या एकोणिसाव्या शतकातल्या कवितेवरून घेतले आहे. हेन्ली सैनिक नव्हता. हाडाच्या क्षयाने त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि दुसरा वाचवण्यासाठी तो एडिंबरोच्या रुग्णालयात दीर्घकाळ पडून होता. या स्पर्धांनी हजारो जखमी सैनिकांना व त्यांच्या घरच्यांना आधार दिला, हे मान्य करूनही नावातले गृहीतक तपासायला हवे. माणूस जिंकला जात नाही, असे म्हणताना जो जिंकला गेला त्याचे काय? मानेखाली सगळेच निकामी झालेला, किंवा धनुष्य उचलायची इच्छाच न उरलेला जवान ‘पराजित’ ठरतो का? पदकविजेत्याची कहाणी जितकी झळाळते तितकी न खेळणाऱ्याच्या खाटेवर सावली पडते. ही सावली कोणी मुद्दाम पाडत नाही, म्हणूनच ती दिसत नाही.

शिवाय सगळ्या जखमा शरीरावर नसतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ (१९९४) या पुस्तकात नैतिक इजेची कल्पना मांडली. जे योग्य ते वरिष्ठ मोडत असताना पाहिले, त्यातून मनाला होणारी इजा. पुढे इतरांनी त्यात सैनिकाने स्वतः केलेल्या कृत्याचाही समावेश केला. शे यांनी ज्या ‘इलियड’चा आधार घेतला त्यातच खेळांच्या मर्यादेचे उदाहरण आहे. तेविसाव्या सर्गात जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस मोठे क्रीडोत्सव भरवतो: रथ, मुष्टियुद्ध, कुस्ती, धावणे, तिरंदाजी. बक्षिसे वाटली जातात, भांडणे होतात आणि मिटतात, वीर पुन्हा माणसांसारखे वागू लागतात. स्वतः अकिलीस खेळत नाही. आणि चोविसावा सर्ग उघडतो तेव्हा सगळे झोपलेले असताना तो एकटा तळमळतो आहे आणि पहाटे पॅट्रोक्लसला मारणाऱ्या हेक्टरचे शव पुन्हा फरफटवतो आहे. खेळाने सैन्याला सावरले, पण त्याला नाही. त्याला सावरतो तो शत्रूचा म्हातारा बाप, मुलाचे शव मागायला आलेला प्रायम. अपराधाची आणि शोकाची जखम ओलांडायला बरोबरीचा प्रतिस्पर्धी पुरत नाही; समोर बसून ऐकणारा माणूस लागतो. क्रीडाकेंद्रांत समुपदेशक नेमताना हे लक्षात ठेवणे इष्ट.

राज्यसंस्थेची बाजूही तपासली पाहिजे. ज्या राज्याने त्याला सुरुंगाच्या वाटेवर पाठवले तेच त्याला ध्वज देऊन मैदानात उतरवते आणि टाळ्या वाजवते. यात ढोंग आहे, असा आक्षेप घेतला जातो: पोहणाऱ्या, धावणाऱ्या जखमींच्या चित्राने युद्धाची किंमत परवडण्याजोगी भासू लागते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून खेळ बंद करावेत असा निष्कर्ष निघत नाही. युद्धाला विरोध करायचा तर तो युद्ध ठरवणाऱ्यांच्या दारात करायचा. त्यासाठी खुर्चीतल्या जवानाचा बास्केटबॉल काढून घेण्यात शहाणपण नाही. इतके मात्र खरे की कौतुक आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला तिथे माणसांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. स्तुती करून ऋण फिटते असे त्यात कुठे नाही. या कसोटीवर अपंगत्व निवृत्तिवेतन वेळेवर मिळणे, कृत्रिम पाय झिजला की बदलून मिळणे, गावच्या घरापर्यंत खुर्ची जाईल असा रस्ता असणे, ही फेड. पदकसमारंभ ही फेडीनंतरची गोष्ट. तो फेडीऐवजी होऊ लागला तर ते कर्ज बुडवणेच.

इथे गुटमन यांच्या दृष्टीचे मोल पुन्हा जाणवते आणि त्यातली उणीवही. रुग्णाला बरोबरीचा नागरिक मानण्यात ते बरोबर होते. पण नागरिकत्वाची खूण म्हणून उत्पादकता धरली की जो कधीच कमावू शकणार नाही तो उंबरठ्याबाहेर राहतो. खेळाच्या बाबतीत तीच चूक कामगिरीच्या नावाने होते. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या कर्तबगारीतून येते की ती आधीपासून असते, हा नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. कान्टने ती आधीपासूनच असते असे म्हटले. वारकरी संतांनी भक्तीच्या वाटेने, जात आणि अंगकाठी न पाहता, जवळपास तेच आचरणात आणले. जखमी सैनिकांच्या क्रीडाव्यवस्थेची तात्त्विक बैठक याच बाजूला टेकली तर ती भक्कम राहते. खेळ हे प्रतिष्ठा मिळवण्याचे साधन नव्हे. ज्याची प्रतिष्ठा शाबूत आहे अशा माणसाने करण्याजोगी ती एक आनंदाची आणि कष्टाची गोष्ट आहे. खडकीच्या केंद्रात तोंडात ब्रश धरून चित्रे काढणारे जवान आहेत, खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे आहेत, आणि दोन्ही न करणारेही आहेत. तिघांचा दर्जा एकच.

मान देण्याच्या बाबतीत समाज किती संथ असतो याचा पुरावा पेटकरांच्याच चरित्रात आहे. हायडेलबर्गचे सुवर्ण १९७२ चे. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये. त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला २०२४ मध्ये. आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, पोहून झाल्याला ५२ वर्षे उलटल्यावर.